पुढच्या रांगेतली खुर्ची

विद्यापीठाच्या बहिःशाल व्याख्यानांना मी जातो ते बहुधा करमणूक म्हणून. यंदा गंगाखेडला विषय होता ‘पाणवठे आणि समाज’, आणि वडील म्हणाले, मलाबी ने. गावच्या विहिरीत आमच्या वस्तीतली पहिली घागर बुडवणाऱ्या पोरांत ते होते. त्यापायी खाल्लेला मार त्यांनी आम्हाला कधी धड सांगितला नाही. पण असल्या विहिरींवर आता विद्यापीठाचा माणूस बोलणार म्हटल्यावर त्यांनी सकाळीच दाढी करून पांढरा सदरा चढवला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून आम्ही बरेच आधी जाऊन पहिली रांग धरली.

मग मान्यवर उगवू लागले. आमच्या भागात मान्यवरांना तोटा नाही, आणि व्याख्यान ऐकायला त्यातला एकही येत नाही. येतात ते शाल पांघरून घ्यायला. छातीवर बिल्ला लावलेला एक प्राध्यापक वाकून वडिलांना म्हणाला, “आजोबा, जरा मागं बसता का? साहेब यायलेत.” वडील उठले. तिसऱ्या रांगेत टेकतात न टेकतात तोच कुणी संचालक सहकुटुंब आले. पुन्हा तोच प्राध्यापक, तेच गोड बोलणं. मी भांडायला उठलो तर वडिलांनीच माझी बाही ओढली. शेवटी आम्ही दाराशी, बंद पंख्याखाली जाऊन बसलो.

सत्कार संपता संपेनात. वक्त्याची ओळख करून देणारा वक्त्यापेक्षा जास्त बोलला. वक्ता मधाळ आवाजाचा, आणि माईक दमेकऱ्यासारखा धापा टाकणारा. माणसांना पाण्यापासून कसं लांब उभं करत, हे सांगताना त्याचा गळा दाटून आला. रुमाल तर हातात तयारच होता. पुढची रांग माना डोलवत होती, एकदोघे डुलक्याही घेत होते. वडील मात्र कानामागे तळहात धरून शेवटपर्यंत पुढे झुकून बसले. मला त्या अख्ख्या सभागृहाची किळस आली.

परतीच्या बसमध्ये त्यांनी विचारलं, “विहिरीचं काय म्हणले?”

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. “म्हणले, ते सगळं आता इतिहासजमा झालं.”

 वडील म्हणाले, “बरं झालं, मला ऐकू आलं न्हाई.”