पुस्तकातला नावाडी

त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. तळ्याच्या धक्क्यावर सात होड्या होत्या. त्यातली एक तो वल्हवायचा आणि वल्ह्यांपेक्षा त्याचं तोंड जास्त चालायचं. कुठल्या खडकाखाली केवढा मासा दडलाय, टेकडीवरच्या बंगल्यातले नवराबायको दोन वेगळ्या दारांनी का ये-जा करतात, गेल्या आठवड्यात कोणाची टोपी पाण्यात पडली, सगळं सांगून व्हायचं. त्यातल्या निम्म्या थापा. याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे बायकोने लग्नानंतर आठ दिवसांतच जाहीर केलं होतं. होड्या थोरल्या भावाच्या, दादाच्या. तो म्हणायचा, "माझ्या होड्या वल्ह्यांवर चालतात, याची एकटीच तोंडावर चालते."

मग एका मंगळवारी सकाळी त्याची मुलगी हॉस्पिटलमध्ये वारली. आठ वर्षांची होती, चिमी म्हणायचे तिला. चार दिवसांचा ताप, बस. बायकोला तिच्या बहिणीने धरून ठेवलं होतं, दादा कागदांवर सह्या करत होता, आणि याला त्या खोलीत उभं राहवेना. तो बाहेर पडला आणि सवयीच्या पायांनी धक्क्यावर आला. तिथे हातात वही घेतलेली एक बाई होडीची वाट बघत होती. त्याने मान हलवून तिला बसायला सांगितलं आणि तासभर तळ्यावर फिरवून आणलं. त्या तासात त्याने ब्रसुद्धा काढला नाही. मुलगी गेली त्या दिवशी हा होडी घेऊन गेला, असं लोक पुढे बोलले. बोलणाऱ्यांच्या घरी तसा मंगळवार उगवला नव्हता.

ती बाई प्रवासाची पुस्तकं लिहायची. पुढच्या वर्षी तिचं पुस्तक आलं. त्यात होतं : "या तळ्यावर एक नावाडी आहे. तो बोलत नाही. पाण्याने त्याला शांतता शिकवली आहे. त्याच्याच होडीत बसा, आणि तुम्हीही बोलू नका."

पाण्याने शिकवली म्हणे! पण छापलेलं खोटं कोण म्हणणार? लोक पुस्तक काखेत मारून यायला लागले. तोवर याची जीभ जरा सैल होऊ लागली होती. एकदा त्याने माशाची गोष्ट काढली, तर समोरच्या गृहस्थाने ओठांवर बोट ठेवलं आणि पुस्तकाचं पान उघडून याच्यापुढे धरलं. याला याचंच वर्णन वाचायला दिलं! दुसऱ्या एका जोडप्याने तर दादाकडे तक्रार केली की आम्हाला भलताच नावाडी दिलात, हा बोलतो.

दादा म्हणाला, "हे बघ, लोक लांबून येतात. हाताची घडी, तोंडावर बोट. तू नुसता वल्हव."

"अरे, पण दादा, मी मुका आहे का?"

"होडीत आहेस. घरी जाऊन बोल की हवं तेवढं."

घरी जाऊन बोल, हे सांगायला सोपं. खरं सांगायचं तर गप्प राहण्यात त्याची सोयही झाली होती. काही बोलायला गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला चिमी आडवी यायची, आणि तिच्याबद्दल त्याला बोलता येत नव्हतं. आता न बोलायला कारण मिळालं होतं, तेही छापील. दिवसभर गप्प बसलेला माणूस संध्याकाळी दारात चप्पल काढतो आणि तशीच्या तशी बडबड सुरू करतो, असं होत नाही. बायको सुरुवातीला विषय काढायची. "अहो, आज तिचा तो पिवळा फ्रॉक सापडला." हा मिठाची गुळणी धरून बसायचा. "अहो, काहीतरी बोला. मी एकटीने किती आठवू?" हा उठून वल्ह्याला तेल लावायचा. पाच-सहा वर्षांनी तिनेही विचारणं सोडलं. दोन खोल्यांच्या त्या घरात मग फक्त शिलाई मशीनचा आवाज यायचा. एकोणीस वर्षं अशी गेली. होय, एकोणीस!

त्या एकोणीस वर्षांत त्याच्या होडीत बसलेला प्रत्येक माणूस नकळत त्याला त्या मंगळवारी नेऊन बसवत होता. समोर बसलेल्यांचे चेहरे समाधानाने फुललेले असत. किती शांत वाटतं, नाही? असं ते धक्क्यावर उतरल्यावर म्हणत. आणि हा दोरी बांधताना रोज हॉस्पिटलच्या त्या तिसऱ्या खाटेपाशी उभा असे.

मग ती लेखिका पुन्हा आली. पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती. केस पांढरे झालेले, हातात वही तशीच. तळ्याच्या मध्यावर पोचल्यावर याने वल्ही आत ओढली.

"बाई, त्या दिवशी सकाळी माझी मुलगी वारली होती. म्हणून मी बोललो नाही."

लेखिकेच्या हातून पेन पडलं. मग त्याने सगळं सांगितलं. ताप, खाट, पिवळा फ्रॉक. चिमी पाण्याला इतकी भ्यायची की नावाड्याची मुलगी असून कधी होडीत बसली नाही. सगळं सांगताना तो रडला आणि ती बाईही रडली. जाताना त्याचे दोन्ही हात धरून म्हणाली, "मी हे दुरुस्त करीन." बाई खोटी नव्हती. लिहिणारी होती, हाच काय तो दोष.

नवी आवृत्ती आली. तिच्यात चिमी होती. "तळ्याच्या मध्यावर नावाडी वल्ही थांबवतो. तिथे कान द्या. काचेच्या गोट्या सांडाव्यात तसं एका लहान मुलीचं हसणं पाण्यावरून येतं."

आणि लोकांना ते ऐकू यायला लागलं! मध्यावर आलं की माणसं वाकून कान द्यायची. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "आलं हो, अगदी स्पष्ट." एका बाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "तुम्ही भाग्यवान, रोज ऐकता." पहिल्यांदा त्याला संताप आला. ती इथे कधी आलीच नव्हती, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण महिनाभराने तोही वल्ही थांबवून ऐकू लागला. लोकांना येतं, तर बापाला का येऊ नये? पाणी होडीच्या फळ्यांवर चुबुक चुबुक वाजायचं, तेवढंच.

एक दिवस सकाळी पहिल्या होडीला धक्क्यावर बायको उभी. इतक्या वर्षांत ती तिथे फिरकली नव्हती. हातात पुस्तक होतं, शेजारणीने दिलेलं. ती होडीत बसली. मध्यावर त्याने वल्ही थांबवली. दोघं बराच वेळ ऐकत राहिले.

"मला काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"मलाही नाही."

"आपल्याला का नाही हो येत?"

"अगं, ते खरं नाही. बाईंनी उगीच आपलं लिहिलंय."

"ठाऊक आहे मला." ती पाण्याकडे बघत होती. "पण तिचं खरं हसणं कसं होतं, ते तरी सांगा. आज तरी बोला. माझ्यापाशी आता नीट नाही उरलं."

एकोणीस वर्षं याच प्रश्नाला तो घाबरून होता. आता मात्र त्याला सांगायचं होतं, मनापासून सांगायचं होतं. त्याने डोळे मिटले. फ्रॉक दिसला, खाट दिसली, तिचा पडलेला दात दिसला. हसतानाचा चेहरासुद्धा दिसला. त्याने त्या चेहऱ्याला कान लावला आणि तोंड उघडलं.

"गोट्या सांडल्यासारखं," तो म्हणाला. "काचेच्या."

बायकोने मांडीवरचं पुस्तक मिटलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.