भंतेंना काय आवडतं

मनकर्णाबाई सोलापुरात आमच्या वस्तीजवळच्या बोर्डिंगात स्वयंपाक करायच्या. करमाळा, मोहोळ, बार्शीकडची मुलं तिथं राहून शिकायची. बाईंचा नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. एकुलती मुलगी कुर्डुवाडीला दिलेली. बाई अंगाने ठेंगण्या, आवाजाने मोठ्या. चालताना त्या नेहमी थोड्या पुढे झुकलेल्या असत, जणू कुणाच्या तरी ताटात डोकावताहेत.

आणि त्या खरोखरच डोकावत असत. कुठल्या मुलाला काय आवडतं हे त्यांनी कधी तोंडाने विचारलं नाही. जेवणं झाली की त्या मोरीपाशी उभ्या राहायच्या आणि परत येणारी ताटं बघायच्या. कुणाच्या ताटात आमटी उरलीय, कुणी भाकरीचा काठ टाकलाय, कुणी चटणीचं बोट ताटभर फिरवलंय. "त्वांड खोटं बोलतं, गुरुजी. ताट न्हाय बोलत," असं त्या मला म्हणायच्या. मी तेव्हा महापालिकेच्या शाळेत शिक्षक होतो. वस्तीत इंग्रजी बऱ्यापैकी येणारा मी एकटा, म्हणून पुढच्या सगळ्या प्रकरणात दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं.

साल चौऱ्याहत्तर असावं. ज्येष्ठात आमच्या विहारात एक भिक्खू आले. नाव सीलसार, पण आम्ही सगळे त्यांना भंतेच म्हणायचो. थायलंडचे, पण राजधानीतले नव्हेत. देशाच्या ईशान्येच्या, कोरड्या मुलखातल्या एका खेड्यातले. बिहारात पाली शिकत होते. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्याच एका मुलाने त्यांची गाठ घालून दिली होती. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एकाच ठिकाणी राहायचं असतं, तो वर्षावास. जमलं तर तो सोलापुरात करावा, मुलांना पाली शिकवावी, असा त्यांचा विचार होता. आमचा विहार म्हणजे वर्गणीतून उभी केलेली पत्र्याची एक खोली. तिथं वर्षावासाला कुणी राहील असं स्वप्नही आम्हाला कधी पडलं नव्हतं.

जेवणाची जबाबदारी अर्थातच मनकर्णाबाईंची. काय करायचं ते मात्र विहाराच्या कमिटीने ठरवलं, म्हणजे कमिटीतले सगळ्यांत वडीलधारे तात्याबा यांनी. भंते म्हणजे पाहुण्यांतले पाहुणे. आमच्या घरांत वर्षातून दोनदा जे व्हायचं ते त्यांच्यासाठी रोज होऊ लागलं. शिरा, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, रविवारी बासुंदी. बाई बोर्डिंगचा स्वयंपाक उरकून धावतपळत यायच्या आणि बारा वाजायच्या आत भंतेंचं पात्र भरायचं म्हणून डालडा तापवायच्या. दुपारनंतर भंते काही खात नसत.

आणि सकाळीही फारसं खात नसत. पुरीचा तुकडा, भाताचा घास, झालं. दहा-बारा दिवसांत त्यांच्या खांद्याची हाडं चीवरातून दिसायला लागली. बाईंची खरी अडचण निराळीच होती. भंते थोडंसंच घेत, घेतलेलं सगळं एकाच पात्रात कालवत, मान खाली घालून संपवत आणि नळावर जाऊन पात्र स्वतःच्या हाताने लख्ख धूत. बघायला काही उरतच नसे. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना ताट वाचता येईना.

"तुमी इचारा की, गुरुजी."

मी विचारलं. भंते हसले आणि म्हणाले, जे मिळतं ते चांगलं आहे. मी बाईंना नियम समजावून सांगितला. आजारी असल्याशिवाय भिक्खूंनी अमुक हवं, तमुक आवडतं, असं म्हणायचं नसतं. सुचवायचंदेखील नसतं.

"मग आजारी पडूस्तवर वाट बघायची व्हय?" बाई म्हणाल्या.

तात्याबांनी वाट बघितली नाही. पौर्णिमेला पंधरवडा उरला होता. एकदा वर्षावास सुरू झाला की भंतेंना हलता येणार नव्हतं, तेव्हा त्याआधीच त्यांना मुंबईला पाठवावं, असं त्यांनी कमिटीत मांडलं. तिथं मोठे विहार आहेत, देशोदेशीची माणसं येतात, त्यांचं खाणं त्यांना मिळेल. तात्याबा वाईट बोलत नव्हते. पाहुण्याचा जीव आपल्या दारात जाऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

मनकर्णाबाईंना ते फार लागलं. आपल्या हातचं खाऊन माणूस वाळला आणि म्हणून मुंबईला धाडावा लागला, हे त्यांना जन्मभर पुरलं असतं. कमिटीतून उठताना त्या मला म्हणाल्या, "येवडं मोटं शहर हाय. तेलगू हायत, कानडी हायत, मारवाडी हायत, गुजराती हायत. त्या थायलंडचं खानं म्हायीत असनारा येक मानूस घावायचा न्हाय?"

आणि त्या शोधाला लागल्या. भवानी पेठेत भुसाराच्या दुकानी जाऊन परदेशी तांदूळ विचारला; दुकानदार कोलमच्या वर गेला नाही. तेलगू विणकर बायकांना विचारलं, तर त्यांनी चिंचेचं सार सांगितलं. येसूबाई म्हणजे त्यांची शेजारीण. ती म्हणाली, "मने, बोटीत बसून जा आन् त्याच्या आईलाच इचारून ये." शेवटी कुणीतरी धुळाप्पाचं नाव सांगितलं. हा स्टेशनवरच्या कँटीनचा म्हातारा आचारी. लढाईत पलटणीच्या भटारखान्यात होता आणि ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आला होता. ब्रह्मदेश आणि थायलंड शेजारी-शेजारी, हे मी शाळेच्या नकाशावर बाईंना दाखवलं. त्यांनी दोन्हींवर बोट ठेवून बघितलं. "कुर्डुवाडी-बार्शीसारखं," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघे स्टेशनवर गेलो.

धुळाप्पाने आम्हाला चहा पाजला आणि बराच वेळ इंग्रज साहेबाच्या खाण्याबद्दल सांगितलं. तिथल्या लोकांचं काय, असं बाईंनी मध्येच तोडून विचारलं, तेव्हा त्याने नाक मुरडलं. "त्यांचं काय इचारती बाई. वाळल्याली मासळी, तिचा वास ह्या फलाटापसनं त्या फलाटापतुर. ती मिरच्यात कुटायची, आंबट घालायचं. भाताचा गोळा करायचा, त्यात बुडवायचा, खायचा. तूप न्हाय, साखर न्हाय. आमी दोन वर्सं तितं हुतो, लोकांच्या डोळ्यातनं पानी अन् तोंडावर हसू."

 परत येताना बाईंनी रस्त्यातच थांबून मला विचारलं, "गुरुजी, हे आपलंच न्हाय का?"

आपलंच होतं. सुकट तव्यावर भाजून लाल मिरची, लसूण, चिंच घालून कुटायची, हे वस्तीतल्या प्रत्येक घरात होत होतं. फक्त भंते आल्यापासून विहाराच्या बाजूच्या घरांनी सुकट भाजायची थांबवली होती, विहारापर्यंत वास जाऊ नये म्हणून. आम्ही त्यांच्यापासून नेमकं आमचं रोजचं जेवण लपवत होतो.

मी भंतेंना मासळीबद्दल विचारलं. ते म्हणाले, माझ्यासाठी मारलेलं नसेल तर पात्रात पडेल ते मी खातो. मग बाईंनी आणखी एक प्रश्न विचारायला लावला. तुमच्या गावात भिक्खूंना काय करून घालायचं हे कोण ठरवतं? भंतेंना प्रश्नच कळेना. मी दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, कुणीच ठरवत नाही. सकाळी आम्ही पात्र घेऊन चालत निघतो. दारापुढं थांबतो, काही बोलत नाही. ज्या घरात स्वतःसाठी जे शिजलं असेल त्यातलं थोडं लोक पात्रात घालतात.

बाईंनी हे जसंच्या तसं कमिटीत सांगितलं. भंतेंना उद्यापासून वस्तीत फिरू दे, म्हणाल्या.

तात्याबा ताडकन उभे राहिले. त्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या घरात होतं. त्यांचं लहानपण मंगळवेढ्याकडच्या एका गावात गेलेलं. तिथं येसकरकीची, म्हणजे गावाची राखण-निरोपाची कामं करायची पाळी आली की वडिलांबरोबर ते संध्याकाळी दारोदार भाकरी गोळा करत हिंडत. लांबून टाकलेली, शिळी भाकरी, हे त्यांनीच कधीतरी मला सांगितलं होतं. धम्म घेतला त्या वर्षी ते काम त्यांनी सोडलं आणि पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, अशी शपथ घेतली.

"भाकर मागायचं आमी सोडलं," ते म्हणाले.  "आन् आता आमच्याच भंत्येला कटोरा घिऊन दारोदार फिरवायचा? आमच्याच वस्तीत?"

 भंते कोपऱ्यात बसले होते. शब्द कळत नव्हते, तरी त्यांनी मान खाली घातली होती.

मनकर्णाबाईंनी नेहमीसारखा आवाज चढवला नाही. "तात्याबा, त्ये मागनार न्हाईत," त्या म्हणाल्या. "त्ये उबं ऱ्हानार. मागनारा न्हायच हितं कुनी. देनारं आपुन हाय."

तात्याबा हो म्हणाले नाहीत. चप्पल घालून निघून गेले. पण नको असंही म्हणाले नाहीत, आणि बाईंनी तेवढ्यावर धकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंते अनवाणी निघाले. मागे दोन पावलं मी, कुणाला काही विचारायचं असेल तर म्हणून. पहिल्या दारात येसूबाई गांगरली. घरात पिठलं-भाकरीशिवाय काही नव्हतं. मी तेच द्या म्हटलं. पुढच्या घरी अंबाडीची भाजी, त्यापुढं शेंगाची चटणी. तात्याबांचं दार बंद होतं. भंते तिथंही क्षणभर थांबले आणि पुढं गेले.

मनकर्णाबाई दारातच होत्या. पळसाच्या पानावर घट्ट शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या आणि शेजारी सुकटीची चटणी. कण्या म्हणजे जाडसर भरडलेली ज्वारी, गरिबाचं खाणं. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात आम्ही त्यावर दिवस काढले होते आणि नंतर त्यांचं नाव घेत नव्हतो. देताना बाईंनी मला हळूच विचारलं, "भाताचा गोळा हुतो म्हनं. त्याला लई महागाचा तांदूळ लागत आसल. ह्याचा बी हुतो. चालंल का?"

भंते विहारात परतून बसले. आम्ही आठ-दहा माणसं दाराशी गर्दी करून उभे. त्यांनी पानावरच्या कण्या बोटांनी दाबल्या, लहानसा गोळा केला, अंगठ्याने त्यात खळगा पाडला आणि चटणीवर टेकवून तोंडात घातला. मग थांबले. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं तिखट लागलं, मी तांब्या पुढं केला. त्यांनी मान हलवली आणि दुसरा गोळा केला. मग तिसरा. पान चाटूनपुसून स्वच्छ झालं. बाई पुढं झुकून त्या रिकाम्या पानाकडे इतकं निरखून बघत होत्या की येसूबाईने त्यांना मागं ओढलं.

नियम मोडेल असं काही भंते बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की हे धान्य कुठलं? ज्वारी म्हटल्यावर, ती कशी पेरतात, केव्हा काढतात, हे विचारत राहिले. त्यांच्या आईच्या घरी भात असा चिकट असतो आणि हातानेच असा गोळा करतात, हे त्यांनी ज्वारीची चौकशी करताकरता सांगितलं, जणू शेतीचीच माहिती देताहेत.

मुंबईचा विषय पुन्हा निघाला नाही. रोज फेरी होऊ लागली. बाई प्रत्येक घरी जाऊन आज काय शिजतंय ते बघत, आणि कुणी भंतेंसाठी वेगळं काही करायला घेतलं की ओरडत.

चार-पाच दिवसांनी एका सकाळी तात्याबांचं दार उघडं होतं. म्हातारा धुतलेलं धोतर नेसून उंबऱ्यात उभा, दोन्ही हातांवर भाकरी. भंते थांबले. तात्याबांनी वाकून ती पात्रात ठेवली आणि हात जोडले. भंते पुढं गेल्यावर ते मला म्हणाले, "गरम हुती, गुरुजी. आत्ता तव्यावरनं काडली."

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारात जागा उरली नाही. वर्षावासाआधी राहायच्या जागेची हद्द ठरवावी लागते, म्हणून भंतेंनी मला विचारलं, हद्द कुठून कुठवर धरायची? मी तात्याबांकडे बघितलं. ते म्हणाले, अलीकडं गिरणीची भिंत, पलीकडं ओढा, मध्ये आपली वस्ती.

"आन् वड्यापल्याडची चार घरं?" मागून मनकर्णाबाईंचा आवाज आला. "त्यांच्या चुली न्हाईत व्हय?"

मी भंतेंना विचारलं. ते म्हणाले, दिवसा हद्दीबाहेर जायला हरकत नाही, पहाटेला मात्र आत असलं पाहिजे. मी हे मराठीत सांगितलं. तात्याबा जरा विचारात पडले, कारण पलीकडच्या लोकांशी त्यांचं फारसं जमत नव्हतं.

"मग फेरीत ती बी घ्या," ते म्हणाले. "वड्यावर फळी टाकावी लागंल. उद्या बघतो."