मालक कुठे आहेत?

"मालक कुठे आहेत?"

शोरूमच्या काचेच्या दारात सेल्समननं मला पहिला प्रश्न हाच विचारला. या नाही, बसा नाही, कोणती गाडी पाहायची ते नाही. विचारताना तो माझ्या खांद्यावरून मागं रस्त्याकडं बघत होता. मागं माझी बायको होती, शोभा. तिच्या हातात पिशवी, पिशवीत बँकेनं कर्ज मंजूर केल्याचा कागद, दोघांची आधार कार्डं आणि फोटो. तिच्या मागं कोणीच नव्हतं.

मी म्हणालो, गाडी मलाच घ्यायची आहे.

तो हसला. वाईट हसला असता तर बरं झालं असतं. मी गंमत करतोय असं त्याला खरंच वाटलं.

तो मला ओळखत होता. आमच्या गावचे भाऊसाहेब, धाडच्या बाजूला अर्धं शिवार ज्यांचं आहे ते, त्यांच्या गाडीवर मी अठरा वर्षं ड्रायव्हर होतो. बुलढाण्याच्या याच शोरूममधून त्यांनी तीन गाड्या घेतल्या. तिन्ही वेळा मीच त्यांना घेऊन आलो होतो. दोन वर्षांपूर्वी मी ते काम सोडलं आणि धाड–बुलढाणा जीप चालवायला घेतली. पण शोरूमच्या हिशेबात मी अजून त्यांचाच ड्रायव्हर होतो.

"तिकडं बसा," तो म्हणाला. "मोकळा झालो की बोलावतो."

तिकडं म्हणजे मागं. गाड्या धुतात त्या नळाजवळ एक लोखंडी बाकडं आहे. ड्रायव्हर लोक तिथं बसतात. मालक आत एसीत चहा पितात, आपण तिथं चपलेतला चिखल वाळायची वाट बघायची.

आणि मी निघालो. लपवण्यात काही अर्थ नाही. पिशवीत माझ्या नावाचं कर्ज होतं, आणि पाय बाकड्याकडं वळले. कोणी ढकललं नाही. चार-पाच पावलं गेलोही.

शोभानं मागून विचारलं, "इकडं काऊन?"

ती माझ्याकडं एकदा बघून वळली आणि सरळ आत जाऊन सोफ्यावर बसली. पिशवी मांडीवर, पाठ ताठ. मग मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. आधी ती बसली, हे सांगितलं पाहिजे.

गाडी हवी होती ती तिच्याचसाठी. अठरा वर्षांत ती भाऊसाहेबांच्या गाडीत एकदाही बसली नव्हती. आमच्या मुलीच्या वेळी तिला कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी वाड्यासमोर उभी होती आणि चावी माझ्या खिशात होती. विचारायला गेलो तर भाऊसाहेब म्हणाले, सीट खराब होतील बे, काळीपिवळी बघ. आम्ही काळीपिवळीनं गेलो, दाटीवाटीत. मी दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. त्या दिवशी काम सोडायला हवं होतं. सोडलं नाही. त्याची लाज मला अजून आहे.

सेल्समन शेवटी आला. टॅक्सी पासिंग करायचं का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, घरची गाडी. पांढऱ्या पाटीची. त्यानं शोभाच्या पायांकडं बघितलं, माझ्या शर्टाकडं बघितलं. चालवून बघायची म्हटलं तर म्हणाला, टेस्टची गाडी सर्व्हिसिंगला गेलीय. ती गाडी काचेच्या पलीकडं उभी होती. चारी बाजूंनी 'टेस्ट ड्राइव्ह' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

मग त्यानं किंमत सांगितली. तोंडी. कागद नाही, आकडेमोड नाही. "फिक्स आहे," म्हणाला. "तुम्हाला जमेल का बघा."

मी म्हणालो, "चालेल."

हा चालेल माझा नव्हता. माझ्या बापाचा होता.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. धाडच्या बाजारात बाप मला शाळेचा सदरा घ्यायला घेऊन गेला. दुकानदार गादीवर बसूनच म्हणाला, हात नको लावू, भाव ऐक. बापानं भाव ऐकला, पैसे ओट्यावर ठेवले. दुकानदारानं सदरा वरून टाकला. मी झेलला. आम्ही तिथंच उभे असताना एका शेतकऱ्यानं तसाच सदरा घेतला. हातात घेऊन, ताणून, उजेडात धरून बघितला, आणि आमच्यापेक्षा बऱ्याच कमी पैशात नेला. मी मोठ्यानं म्हणालो, बाबा, त्याले कमीत देल्ला. बापानं माझा दंड असा आवळला की वळ उठला. बाजाराबाहेर आल्यावर म्हणाला, "आपण भाव नाई करायचा. त्यायनं केला तं हुशार. आपण केला तं भिकारी."

आम्ही बौद्ध. नाल्यापलीकडची वस्ती आमची. बापानं जन्मभर कोणाकडं फुकट काही मागितलं नाही आणि जन्मभर प्रत्येक वस्तूला जास्त पैसे दिले. याला तो इज्जत म्हणायचा. आमच्या वस्तीत अजून कितीतरी लोक म्हणतात. फ्रीज घेतील, मोटरसायकल घेतील, दुकानदार तोंडातून काढेल तो भाव देतील आणि मान वर करून घरी येतील. मलाही तेच करायचं होतं. पूर्ण पैसे त्याच्या तोंडावर फेकायचे आणि म्हणायचं, घे. मला वाटत होतं यालाच स्वाभिमान म्हणतात.

सेल्समन फॉर्म आणायला गेला. जाताना म्हणाला, तुमची गाडी मागं यार्डात आहे, तोवर बघून घ्या. गाडी त्या बाकड्यासमोरच उभी होती. पांढरी. वर धूळ होती. मी सवयीनं टायरपाशी वाकलो.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर केव्हा बनला ते त्यावरून कळतं, आणि गाडी किती दिवस उभी आहे त्याचा अंदाज येतो. मग दार उघडलं. दाराच्या खांबावर पट्टी असते, तिच्यावर गाडी बनल्याचा महिना आणि साल छापलेलं असतं. साल मागचं होतं. नऊ महिने ही गाडी उन्हापावसात उभी होती. उद्या मी ती विकायला काढली तर एक वर्ष जुनी मोजणार. आणि मला नवीनच्या भावात देत होते.

"हात नका लावू," सेल्समन मागून ओरडला. "डाग पडतात."

तेच शब्द. सदऱ्याचे.

मी वाकलेलाच राहिलो. डोक्यात एकदम भाऊसाहेबांची तिसरी गाडी आली. ती घेताना टायर असेच वाकून मी वाचले होते. पट्टी मी वाचली होती आणि त्यांच्या कानात सांगितलं होतं, गाडी जुन्या सालाची आहे. मग ते आत गेले आणि अर्धा तास भांडले. दोनदा उठले, दोनदा बसवले गेले. हँडलिंगचे पैसे काढायला लावले, नको असलेलं सामान काढायला लावलं, विमा बाहेरून उतरवला. सगळं शोरूम हसत होतं. भाऊसाहेब लय चिवट, म्हणाले. मॅनेजरनं त्यांना पेढे दिले. बाहेर आल्यावर भाऊसाहेबांनी त्यातला एक मला दिला.

डोळे माझे होते. भाव त्यांनी केला. आणि भिकारी कोणी म्हणालं नाही.

मी आत गेलो. फॉर्म बाजूला सरकवला. म्हणालो, सगळं कागदावर लिहा, एकेक करून. त्यानं कां-कूं करत लिहिलं. मी पेन घेतलं. हँडलिंग कशाचं? गाडी तुमच्या दारात, ती हाताळायचे पैसे मी का देऊ? काट मारली. सीट कव्हर, मॅट, सेन्सर, मी मागितलं नाही. काट मारली. विमा मी बाहेरून घेईन. आणि गाडी मागच्या सालाची आहे, त्याचे कमी करा. बेरीज केली. बावन्न हजार.

आयुष्यात पहिल्यांदाच मी भाव केला होता.

तो कागद घेऊन केबिनमध्ये गेला. मॅनेजर बाहेर आला. पांढरा शर्ट, गोड चेहरा. "तू भाऊसाहेबांचा ड्रायव्हर ना?" म्हणाला. मी म्हणालो, होतो. त्यानं माझ्याशी पुढं काही बोलायच्या आधी मोबाइल काढला, फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. म्हणाला, साहेब, तुमचा ड्रायव्हर आलाय, गाडी घ्यायची म्हणतो, बावन्न हजार कमी मागतोय, काय करू?

माझी गाडी. माझं कर्ज. आणि विचारणा त्यांना.

पलीकडून भाऊसाहेब हसले. "देऊन टाक रे. आपला माणूस हाय. माह्या शब्दावर दे."

"तुमचा शब्द म्हणजे झालंच, साहेब," मॅनेजर म्हणाला. माझ्याकडं वळून म्हणाला, "बघ, झालं तुझं काम. थँक्यू म्हण साहेबांना."

बावन्नच्या बावन्न. एक रुपया कमी नाही. सेल्समन हसत होता. सगळे माझ्याकडं बघत होते, मी हात जोडायची वाट बघत. आणि खरं सांगतो, हात जोडायला वर आले होते. जो पैसा माझ्या हक्काचा होता, जो मी माझ्या डोळ्यांनी शोधला होता, तो मला भाऊसाहेबांची भीक म्हणून मिळत होता. हो म्हटलं असतं तर ती गाडी जन्मभर त्यांची राहिली असती. गावात येताजाता म्हणाले असते, माझ्या शब्दावर घेतली त्यानं. माझी बायको त्यांच्या शब्दावर बसली असती.

शोभानं कर्जाचा कागद पिशवीत परत ठेवला.

मी फोनकडं वाकून म्हणालो, "भाऊसाहेब, मागच्या बारी तुमच्या गाडीचे आकडे म्या वाचले व्हते. आज माह्या गाडीचे वाचले. तुमचा शब्द मधात नको."

भाऊसाहेब म्हणाले, "अठरा वर्स माह्या घरचं खाल्लं बे तू."

"अठरा वर्स गाडी चालवली," मी म्हणालो. "खाल्लं ते माह्या कामाचं."

फोन कट झाला. मॅनेजरचा गोड चेहरा गेला. म्हणाला, मग माझ्याकडून काही कमी होणार नाही, कंपनीची पॉलिसी आहे. मी विचारलं, "त्यायच्या शब्दावर बावन्न कमी होतात, तं माह्या शब्दावर काऊन नाई?"

त्यानं पुन्हा पॉलिसी म्हटलं. दुसरं त्याच्याकडं काही नव्हतं. आम्ही उठलो. दारात मी वळून म्हणालो, आणि मला तू म्हणू नका.

एसटी स्टँडपर्यंत आम्ही पायी गेलो. मला वाटलं शोभा म्हणेल, हातची गाडी घालवली. ती म्हणाली, "खामगावले हाय ना दुसरं शोरूम. सोमवारी जाऊ."

सोमवारी गेलो. तिथले लोक देव नव्हते. तिथंही पहिला प्रश्न टॅक्सी पासिंगचाच होता. तीन खेपा घातल्या. दोनदा उठून बाहेर आलो. एकदा शोभा सेल्समनला म्हणाली, आधी चालवून पाहू, मग पैशाचं बोलू, आणि गाडी चालवताना ती माझ्या शेजारी पुढं बसली. शेवटी सत्तेचाळीस हजार कमी झाले. भाऊसाहेबांच्या शब्दापेक्षा पाच हजार मला जास्त पडले. लोक विचारतात, काय मिळवलंस? मी सांगतो, कागदावर फक्त माझं नाव आहे.

भाऊसाहेब गावात सांगतात, तो माजला. हाव, माजलो. काल परवा त्यांचा नवा ड्रायव्हर मला विचारत होता, टायरवरचे आकडे कसे वाचायचे. मी त्याला शिकवलं. म्हणालो, मालकाच्या कानात सांगू नको, स्वतःसाठी ठेव.

बापाला हे सांगायचं राहून गेलं. तो असता तर माझा दंड धरला असता. मी तो सोडवून घेतला असता. इज्जत म्हणून जास्त पैसे द्यायचे, हे आमच्या घरात माझ्यापाशी थांबलं. वस्तीतही थांबवायचं ठरवलंय. आमच्याकडचं कोणीही शोरूमला निघालं की मी सोबत जातो. मोटरसायकल असो, ट्रॅक्टर असो. तेवढ्यापुरती जीप बंद ठेवतो.

मागच्या महिन्यात वनिताला गाडी घ्यायची होती. आमच्या वस्तीतली, आरोग्य केंद्रात नर्स आहे. मी म्हणालो, बुलढाण्यालाच जाऊ. तेच शोरूम, तेच काचेचं दार. सेल्समननं आम्हाला बघितलं आणि त्याची नजर आमच्या मागं रस्त्यावर गेली.

वनिताचे पाय थबकले. मला ते ओळखू आलं. मी तिला म्हणालो, आत चल. तिला सोफ्यावर बसवलं, मग मी बसलो. मॅनेजर केबिनमधून बाहेर आला, मला बघून थांबला. म्हणाला, तुम्ही तर गाडी घेतली ना, आता कशाला आलात?

"यायले घ्यायची हाय," मी म्हणालो. "आधी यार्डातली गाडी दाखवा. टायर पाहू. मग भाव सांगा, अन् लिहून द्या."