उजवीकडचा दिवा

आमच्या बत्तीवाल्या सरांना ‘सगळं समजलं’ हे उत्तर अजिबात चालायचं नाही. साकोलीच्या शाळेत ते आम्हाला विज्ञान शिकवायचे. तास संपला की विचारायचे, “काय नाही समजलं, थे सांगा.” कुणी ‘सगळं समजलं’ म्हणालं, की त्याला उभं करून अख्खा धडा शिकवायला लावायचे. त्यामुळे न समजलेलं शोधून काढण्यात आम्ही पोरी भलत्याच पटाईत झालो होतो.

बत्तीवाले हे नाव पडलं त्यांच्या फळीमुळे. चहाच्या खोक्याच्या फळीवर माणूस रंगवलेला आणि अवयवा-अवयवावर टॉर्चचा बल्ब. एक तार अवयवाच्या नावाशेजारच्या खिळ्याला लावायची, दुसरी त्या अवयवावरच्या खिळ्याला. जोडी जुळली की दिवा लागायचा. आम्ही तक्रार केली, दिवा नाही लागला तर आपण चुकलो की सेल संपला, कसं कळणार? दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात सेल तपासायचा वेगळा बल्ब हजर! वर्गातल्या पोट्ट्यांनी खिळ्यांच्या जागा पाठ केल्या हे मी सांगितलं, तर सर दर रविवारी मागच्या तारा बदलू लागले. पोट्टे माझ्यावर महिनाभर खार खाऊन होते.

हेडमास्तरांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. तपासणीला येणाऱ्या साहेबांना पटलं नाही तर फळी अडगळीत जाईल, असं त्यांनी ठणकावलं. सरांचा तर सगळा जीव त्या फळीत.

तपासणी तोंडावर आली आणि सरांनी मला विचारलं, तुझं स्वतःचं यकृत कुठं आहे? मी झटकन डाव्या बरगडीखाली हात ठेवला. सगळ्या वर्गाने तिथंच ठेवला. फळीवरचा माणूस आमच्याकडे तोंड करून उभा, म्हणजे त्याची यकृताची उजवी बाजू आमच्या डाव्या हाताला. आम्ही बिनधास्त आपलंही यकृत डावीकडेच धरलं होतं. मला वाटलं, आता मेले. पण सर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. “चूक तुही नाही पोरी, माह्या फळीची हाय.”

लगेच फळीवरचे बल्ब निघाले आणि धानाच्या पोत्याच्या झग्यावर चढले. तपासणीच्या दिवशी तो झगा मी घातला. साहेबांनी यकृत विचारलं, मी तार लावली, आणि आत तारांना तारा चिकटून माझं हृदय, जठर, मूत्रपिंडं सगळं एकदम पेटलं! हेडमास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा होता. सर शांतपणे म्हणाले, “साहेब, पोरगी घाबरली हाय.” साहेब खो खो हसले आणि दुरुस्ती झाल्यावर झगा स्वतःच्या अंगात घालून बसले. झगा राहिला, सरांचा जीवही राहिला.

पुढे मी भंडाऱ्याला नर्स झाले. एके दिवशी सर माझ्याच वॉर्डात आले, हळदीसारखे पिवळे. त्या आजारातून बरे होऊन ते घरी गेले नाहीत. पण एका दुपारी मी त्यांना त्यांचं यकृताचं दुखणं समजावून सांगितलं, तेव्हा म्हणाले, “सगळं समजलं.”

मी म्हटलं, “सर, मग उभे राहा.”

आणि ते खरंच उठले हो! खाटेचा दांडा धरून, उजव्या बरगडीखाली हात ठेवून त्यांनी अख्ख्या वॉर्डाला यकृत शिकवलं. शेवटी धापा टाकत विचारलं, “काय नाही समजलं, थे सांगा.”

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने हात वर केला. सरांचा चेहरा असा उजळला की मला झग्यावरच्या त्या सगळ्या बत्त्या आठवल्या.