दादाच्या खिशातला प्लग

विश्रांतवाडीच्या सिग्नलला पुढच्या जुनाट टू-स्ट्रोकचा निळा धूर नाकात गेला आणि डोक्यात सणकच गेली.

बऱ्याच वर्षांपूर्वी धायरीजवळच्या माळावर बाइकची मातीतली शर्यत होती, तिथेही हाच वास होता. सॉफ्टवेअरच्या नोकरीत मी नवी होते आणि शर्यतीत एकटीच मुलगी. नेमकी माझी टू-स्ट्रोक बाइक किकला दाद देईना. स्पार्क प्लग काढला तर काळाकुट्ट, ओला. बोटांवर चोळून पाहिलं. पेट्रोल असतं तर उडून गेलं असतं. हे बुळबुळीतच राहिलं. म्हणजे ऑइल. पण पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकला लागतं तेवढंच ऑइल मी स्वतः मोजून घातलं होतं!

"मी ओतलं अजून थोडं," मागे उभा असलेला माझा मोठा भाऊ, दादा, म्हणाला. "इंजिनाला बरं असतं. तुम्हा इंजिनिअर लोकांना कोण सांगणार?"

मला तो त्याचा अडाणीपणा वाटला. प्लग पुसून लावला, तो पुन्हा भिजला. तेवढ्यात शर्यत सुटली, सगळ्यांची धूळ माझ्या तोंडावर आली.

धूळ खाली बसल्यावर दादाने खिशातून कोरा प्लग काढून लावला. दुसऱ्या किकला गाडी सुरू.

"चला घरी. फिटली ना हौस?"

तो प्लग सकाळपासून त्याच्या खिशात होता, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. आणि तेव्हा मी त्याला थँक्यू म्हणाले होते.