सोन्याचं पाणी

मी पीएचडीला नेमकं काय करते, हे बाबांना समजावताना मी एकदा जेवणाच्या टेबलावरची मिठाची वाटी पुढे ओढली होती. हे मीठ म्हणजे आमची भुकटी. टायटॅनियमचा ऑक्साइड, पांढराशुभ्र, भिंतीच्या रंगात असतो तोच. त्याच्या कणाकणावर आम्ही सेंद्रिय रेणू बसवतो. रेणूचं एक टोक ऑक्साइडला घट्ट धरून राहतं, दुसरं पाण्यात मोकळं असतं आणि त्याच्यावर नायट्रोजन असतो. जुन्या मोबाइलच्या, कॉम्प्युटरच्या सर्किटच्या पट्ट्यांवरचं सोनं काढायला त्या आम्लात बुडवतात. काढून झाल्यावरही पाण्यात थोडं सोनं राहतं आणि ते नाल्यात जातं. आमच्या रेणूंनी ते पकडायचं.

"म्हणजे सोन्याची गाळणी," बाबा म्हणाले.

"बिल्कुल."

प्रयोगशाळेत आम्ही दोघीच या कामावर होतो. मी आणि माझी सीनियर, कानपूरची. मी तिला दीदी म्हणायचे. ती उंच, मोठमोठ्याने बोलणारी, आणि दिल्लीतल्या मयूर विहारहून मेट्रो बदलत मी पोचायचे तेव्हा तिचा दुसरा चहा झालेला असायचा. आम्ही स्वतःच बनवलेल्या सोन्याच्या द्रावणात भुकटी टाकायचो, ती हळूहळू पिवळी पडायची आणि दीदी बाटली उजेडाकडे धरून म्हणायची, "देख, हल्दी लग गई."

पण आमच्या गाइड सरांना आता खरं पाणी हवं होतं. बाटलीतल्या स्वच्छ द्रावणात कोणीही सोनं पकडेल, गल्लीतल्या पाण्यात पकडून दाखवा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जूनमध्ये एकदा आम्ही दोघी गाझियाबादच्या बाजूला, भंगाराच्या कामाची एक गल्ली आहे तिथे गेलो. दारादारांत हिरव्या पट्ट्यांचे ढीग होते आणि घशाला झोंबणारा वास. एका दुकानदाराला दीदीने सांगितलं, "भैया, सोने वाला पानी चाहिए, जो आप फेंक देते हो."

"सोने का पानी? मिल जाएगा," तो म्हणाला आणि शेजारच्या शटरमधून एक पांढरा कॅन घेऊन आला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. आत काम चालू होतं ते पट्ट्यांचंच असणार, असं आम्ही धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कॅन उघडला. पाणी जवळजवळ स्वच्छ होतं. दीदीने त्यात तपासणीची कागदी पट्टी बुडवली, तर ती गडद निळी झाली. आम्ल असतं तर लाल व्हायला हवी होती.

"चूना मिला दिया होगा फेंकने से पहले," दीदी म्हणाली. मलाही ते पटलं. आमचे रेणू आम्लातच काम करतात, त्यामुळे पुढची पायरी ठरलेली होती. तिने पाण्याचा मोठा बीकर फ्यूम हूडमध्ये ठेवला. फ्यूम हूड म्हणजे काचेचं कपाट, त्याच्यावरचा पंखा आतली वाफ छपराबाहेर ओढून नेतो. ती थेंबाथेंबाने आम्ल घालायला लागली. मी चार पावलांवर भुकटी तोलत होते.

तेवढ्यात वीज गेली. जूनमध्ये ती जायचीच. क्षणभराने जनरेटर लागला, दिवे आले, फ्रिज सुरू झाला. पण हूडचे पंखे जनरेटरवर नव्हते. एवढा वेळ घुमणारा तो आवाज थांबला, हे मला जाणवलं आणि त्याच्या मागोमाग वास आला.

हिवाळ्यात बाबा सुके जर्दाळू आणतात आणि आतली बी फोडून खातात. कधी एखादी कडू निघते. तो वास. आमच्या प्रयोगशाळेत अशा वासाचं काही नव्हतं, आणि असा वास कशाला येतो हे मी पुस्तकात वाचलेलं होतं.

"दीदी, तुला वास येतोय?" मी हिंदीत विचारलं.

"किसकी? मुझे तो कुछ नहीं आ रहा।" तिने मान वळवली, कपाळाला हात लावला. "सिर भारी हो रहा है यार, गर्मी है।"

अनेकांना तो वास येतच नाही. हेही मी वाचलेलं होतं. मी तिला हात धरून ओढलं. ती म्हणत होती, अगं बीकर, बीकर तसाच उघडा आहे. मी ओरडले, "सायनाइड है, बाहर चल!" दार बंद करून आम्ही कॉरिडॉरमध्ये आलो. मी भिंतीवरचा अलार्म दाबला. मागे वळले तर दीदी भिंतीला टेकून खाली बसत होती, जोरजोरात श्वास घेत होती आणि तिची नजर माझ्यावर ठरत नव्हती.

संस्थेची जीप, पुढे गार्ड, मागे तिचं डोकं माझ्या मांडीवर. रस्त्यात मी तिचं नाव घेत राहिले. सुरुवातीला ती हुंकार देत होती, मग तोही थांबला. माझंही हृदय धडधडत होतं, डोकं ठणकत होतं, श्वास पुरत नव्हता. विषबाधेची लक्षणं हीच. भीतीचीही हीच. माझ्या अंगात यातलं काय चाललंय, हे कळायला मला काहीच मार्ग नव्हता. सिग्नलला जीप थांबली तेव्हा वाटलं, आपण दोघी इथेच, या उन्हात, बसच्या मागे मरणार.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने विचारलं, "कौन सी गैस?" मी सांगितलं तशी शेजारच्या खाटांवरची माणसंही वळून बघायला लागली. "खुद लिया?" त्याने विचारलं. "नहीं, नहीं, लैब में बना. गलती से बना." त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मग कोणाला तरी औषधासाठी पळवलं. दीदीच्या तोंडावर ऑक्सिजन लावला. औषध वॉर्डात नव्हतं, स्टोअरमधून यायचं होतं. ते येईपर्यंत मी तिच्या नखांकडे बघत उभी होते. मलाही एका खाटेवर झोपवून मास्क लावला. पडद्याच्या पलीकडून दीदीचा आवाज येतो का, हे ऐकायला मी माझाच श्वास रोखून धरत होते. नर्स रागावली, "सांस लो, मैडम!"

फोन वाजला. बाबा. नेहमीसारखं विचारायला, येताना कोथिंबीर आणशील का. मास्क बाजूला करून मी म्हटलं, "बाबा, मी हॉस्पिटलमध्ये आहे. मी ठीक आहे." बाबांनी एवढंच विचारलं, "कुठलं?"

बाबा पोचले तेव्हा औषध दीदीच्या शिरेतून जाऊन काही वेळ झाला होता. ते माझ्या खाटेपाशी उभे होते आणि पडद्याआडून घोगरा आवाज आला, "वो बीकर किसी ने ढका क्या?" मी इतकी रडले की डॉक्टरने माझी नाडी पुन्हा पाहिली.

शेजारच्या शटरमध्ये नकली दागिन्यांना सोन्याचं पाणी चढवायचं काम चालतं, हे सरांनी शोधून काढलं. त्या कामात सायनाइड लागतं, आणि त्यात आम्ल पडलं की विषारी वायू सुटतो. दीदीने सोनं असलेलं पाणी मागितलं होतं आणि दुकानदाराने प्रामाणिकपणे सोन्याचं पाणी आणून दिलं होतं. सायनाइडचं पाणी आम्लाच्या उलट, अल्कधर्मी असतं; निळ्या पट्टीचा अर्थ तोच होता. सर आणि मी त्याला सांगायला गेलो की हे पाणी आणि पट्ट्यांचं आम्ल एकाच नालीत सोडू नका. दोन्ही शटरना कुलूप होतं. चहावाला म्हणाला, छापा पडणार असं कळलं म्हणून रातोरात सामान उचललं. कुठे गेले, त्याला माहीत नव्हतं. गल्लीत दोन्ही दुकानांच्या पुढून एकच उघडी नाली वाहत होती. मी ओढणी नाकाला लावली आणि सरांना म्हटलं, चला इथून.

दीदी महिन्याभराने परत आली. आवाज थोडा बसलेला, बाकी तीच. हूडचे पंखे आता जनरेटरवर होते आणि सायनाइडची तपासणी झाल्याशिवाय बाहेरचं पाणी उघडायचं नाही, असा नियम झाला होता. तोवर मी एकदाही आम्लाच्या बाटलीला हात लावला नव्हता. लावायला गेले की नाकात तो कडू वास यायचा, नसलेला. मी झाकण परत बसवायचे आणि भुकट्या तोलत राहायचे.

तिने आमच्याच बनवलेल्या द्रावणाची बाटली काढली आणि आम्ल माझ्याकडे सरकवलं.

"तू डाल."

"दीदी, मला भीती वाटते," मी चुकून मराठीतच म्हणाले.

तिला समजलं. "मुझे भी. और मुझे तो बू भी नहीं आती, इसलिए तू यहीं खड़ी रहेगी, मेरे पास."

मी पिपेट उचलला. पहिला थेंब बीकरच्या बाहेर पडला.