जिचं नाव तिनंच कापायचं

बातमी आली तेव्हा मी वाचनालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होतो. सकाळचे साडेदहा झाले असतील. सोलापूरहून महानंदा मॅडमच्या धाकट्या भावाचा फोन आला. "सर, अक्का गेली," एवढंच म्हणाला. मी फोन ठेवला आणि शिक्के मारत राहिलो. दोन-चार उलटे पडले. इतक्या वर्षांचा स्नेह... आणि मला पहिल्यांदा काय सुचावं? यंदाच्या संघाची यादी आपल्या खिशात आहे आणि ती अजून टाईप व्हायची आहे. कुणाला हे निर्दयपणाचं वाटेल. वाटू द्या. मॅडमना वाटलं नसतं.

आमच्या कॉलेजात त्या क्रीडा विभाग सांभाळायच्या आणि मुलींचा बास्केटबॉलचा संघ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मूळच्या नळदुर्गच्या, घरात कानडी आणि मराठी दोन्ही. सराव थांबवायचा असला की मैदानावरून "साकु!" अशी हाक यायची. साकु म्हणजे पुरे, हे कानडीचा गंध नसलेल्या ढोकीकडच्या पोरीसुद्धा आठवड्यात शिकायच्या. मी ग्रंथपाल. त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी दर जूनमध्ये, निकाल लागले की त्या माझ्या टेबलावर यादी पसरायच्या, कारण त्यांच्या मते खेळ कळणारा माणूस नुसती उंची बघत बसतो आणि न कळणारा बरोबर ते विचारतो. माझे प्रश्न ठरलेले असायचे. हिचं लग्न ठरतंय का? कारखाना सुरू झाला की हिच्या घरचे ऊसतोडीला जातात का? हिची एसटी किती वाजता सुटते? शहरातले लोक संघाचा अंदाज बांधताना कोण किती उंच उडी मारते ते बघत असतील, आमच्याकडं आधी कोण दिवाळीपर्यंत टिकते ते बघावं लागतं.

पोरी त्यांना कुठं सापडायच्या, तेही ऐका. ज्वारी निघाली की त्या सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडायच्या. कडब्याची गंज रचताना एकजण खालून पेंडी फेकतो आणि दुसरा वर उभा राहून ती झेलतो. पोरगी खालून पेंडी फेकत असली आणि ती वरच्याच्या बरोबर हातात जात असली, की मॅडम बांधावरच बसकण मारायच्या आणि तिच्या आईशी गप्पा सुरू करायच्या. वर फेकायचं ज्याला कळलं त्याला टोपली लांब नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी चेष्टेनं म्हणालो, मॅडम, पुढच्या वर्षी बैलाचंही नाव घाला, तो तर गाडीभर कडबा ओढतो. त्यावर दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

त्यांच्या हातून एकदा मोठी चूक झाली. त्यांच्या एकटीच्या नाही, माझ्याही. रेणुका नावाची पोर होती, संघाचा कणाच म्हणा. तुळजापुरात तिचं लग्न झालं, आम्ही दोघं जाऊन जेवून आलो, अक्षता टाकल्या. जूनमध्ये यादी काढली आणि मॅडमनी तिच्या नावावर रेघ मारली. मी मान हलवली. लग्न झालं म्हणजे पोर गेली, यात विचारायचं काय! विद्यापीठाकडं नावं गेली, मुदत संपली. आणि एका सकाळी रेणुका मैदानावर हजर. मंगळसूत्र टी-शर्टच्या आत घेऊन पिनेनं अडकवलेलं, बुटाच्या नाड्या बांधून तयार. सासूनंच पाठवलं होतं तिला, शिकतीस तर खेळ पण, म्हणून. आता नाव घालता येत नव्हतं. ती पोर रोज सरावाला आली आणि सामन्यांच्या वेळी बाहेर बसली. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. हरलो त्याचं मला काही वाटलं नाही, पण त्या दिवशी परतीच्या एसटीत मॅडम जे म्हणाल्या ते अजून टोचतं. "दुनिया कापतीच की सर पोरींची नावं. आपणबी तेच केलं."

तेव्हापासून नियम झाला. आपण कुणाचं नाव कापायचं नाही. बाप म्हणू दे, मामा म्हणू दे, होणारा नवरा फोन करू दे... यादी आणि पेन घेऊन मॅडम पोरीच्या घरी जायच्या आणि दोन्ही तिच्या हातात द्यायच्या. नसेल खेळायचं तर तिनं स्वतः रेघ मारायची. काहींनी मारली. एकीच्या हातून मारताना कागद फाटला. त्या पोरींना मॅडम एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण बापाच्या तोंडच्या "नाही"वर त्यांनी यादीतला ठिपकासुद्धा हलवला नाही.

यंदाची यादी सोलापूरच्या दवाखान्यात झाली, त्या जायच्या आठ दिवस आधी. उजव्या हाताची सुई डाव्या हाताला घ्या, मला लिहायचंय, म्हणून नर्सशी भांडून बसल्या होत्या. नाव, वर्ग, उंची, सगळं स्वतःच्या हातानं लिहिलं. मग एकेकीचं सांगत गेल्या. भाग्यश्री जिला चेंडू द्यायचा तिच्याच तोंडाकडं बघते, समोरच्यांना आधी कळतं, तिची ती खोड मोडा. दीपालीचा गुडघा दुखतो, तिला सलग खेळवू नका. सानिया शेवटच्या मिनिटापर्यंत पळते पण घाईत धक्के मारते. चार नव्या आहेत, त्या यंदा घाबरतील आणि पुढच्या वर्षी जिंकतील. राहिली अंबिका. ढोकीजवळच्या वस्तीवरची, सगळ्यांत उंच. ती टोपलीखाली उभी राहिली तर उपांत्य फेरी कुठं जात नाही, म्हणाल्या. तिच्याकडं पाहुणे बघून गेलेत हे मला माहीत होतं. ती नसली तर, असं मी विचारलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले... मला वाटलं झोपल्या. "तर अकराजणी हरतील," त्या म्हणाल्या, "पण उतरून हरतील."

शोकसभा झाली. भाषणं झाली. ज्यांनी एकदाही सामना पाहिला नव्हता त्यांचे गळे सगळ्यांत जास्त दाटले. आणि तीन आठवडे होतात न होतात तोच प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की नवीन नेमणूक होईपर्यंत, मॅडमना श्रद्धांजली म्हणून, यंदा संघ उतरवू नये. श्रद्धांजली म्हणून! गावात कुणी गेलं तर वाणीसुद्धा एक दिवस दुकान बंद ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी उघडतो. मी स्वभावानं भित्रा माणूस आहे, नोकरीत आवाज चढवल्याचं आठवत नाही. त्या दिवशी चढला. शिकवायला कोण, तर जुन्या संघातल्या दोघी पोलीस भरतीचा सराव करतात, त्या तयार आहेत. व्यवस्थापक कोण, तर मी. शेवटी प्राचार्य म्हणाले, बाराच्या बारा नावं पक्की करून आणा, एक जरी कमी असलं तरी विषय संपला. त्यांना वाटलं असणार, हा पुस्तकांतला उंदीर, कुठं फिरतोय गावोगाव.

मी फिरलो. स्कूटरवर, कंबरेला पट्टा बांधून. कुणाची आई रडली, कुणी जेवू घातलं, सानियाच्या अब्बांनी तर मलाच खेळाचे नियम समजावून सांगितले. अकरा झाल्या. अंबिकाचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती.

तिचे वडील अंगणात ट्रॅक्टरचं चाक खोलून बसले होते. माणूस वाईट नाही. हात पुसून त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि सरळ सांगितलं. "सर, मॅडमवर आमचा लई जीव व्हता. पर पाहुण्यांचा होकार आलाय. तुमी नाव काढून टाका." मी म्हणालो, मला ते काढता येत नाही, मॅडमनाही येत नव्हतं. मग मी अंबिकाला हाक मारली. यादी आणि पेन तिच्या हातात दिलं आणि नियम सांगितला. तिला तो ठाऊकच होता. बाप म्हणाले, मार रेघ आणि आत जा.

ती उभ्यानंच वाचत राहिली. मॅडमच्या अक्षरावरून तिचं बोट खाली खाली सरकत गेलं, आपल्या नावापाशी थांबलं. तिनं पेनचं टोपण काढलं, कागद दाराच्या चौकटीवर टेकवला आणि रेघ मारली. संपलं, असं मनात म्हणालो. तिनं रेघेशेजारी आणखी काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्यापुढं धरला. नाव जसंच्या तसं होतं. कापलेला होता तो उंचीचा आकडा.

"पाच फूट आठ न्हाय, सर. नऊ. मॅडमनी मापल्यावर वाढलीय मी."

तिचे वडील उठले. तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले, तिच्याकडं वर मान करून बराच वेळ बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले, "वाढलीय."